दिनक्रमातील सेवा

आपला स्वभाव सुधारावा, दुसऱ्याच्या उपयोगी पडावे, असे बहुतेक माणसांना वाटत असते. अशी इच्छा दुर्मिळ नाही. तिचे सातत्य दुर्मिळ आहे. आजारातून उठल्यावर अथवा एखाद्या आप्ताच्या निधनानंतर मन भरून येते, संकल्प केले जातात आणि रोजच्या व्यवहाराचा रेटा सुरू झाला की ते मागे पडतात. ‘आरंभशूर’ हा शब्द अशाच अनुभवातून रूढ झाला असावा. संकल्प करणाऱ्याची इच्छा खोटी असते, असे मात्र म्हणता येणार नाही. भावनेला ओहोटी लागते, आणि त्यानंतर सद्भावना कशाच्या आधारावर टिकवायची हा खरा प्रश्न असतो. महात्मा गांधींच्या जीवनातील दोन प्रसंग या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतात. त्यांच्यामध्ये जवळजवळ चाळीस वर्षांचे अंतर आहे.

पहिला प्रसंग दक्षिण आफ्रिकेतील दरबान शहरातील असून बोअर युद्धापूर्वीचा आहे. गांधीजी तेव्हा तेथे वकिली करीत होते. एके दिवशी एक कुष्ठरोगी त्यांच्या दाराशी आला. त्याला नुसते जेवण देऊन वाटेला लावणे गांधीजींना रुचले नाही. त्यांनी त्याला घरात आसरा दिला आणि त्याच्या जखमा स्वतः धुऊन बांधल्या. पण हे फार दिवस चालू शकले नाही. त्याला कायमचे घरी ठेवून घेण्याची शक्ती व तयारी आपल्यापाशी नव्हती, असे त्यांनीच ‘आत्मकथे’त मोकळेपणाने नमूद केले आहे. अखेर त्यांनी त्या माणसाला गिरमिटिया मजुरांसाठी असलेल्या सरकारी इस्पितळात पाठविले.

एवढे करूनही त्यांच्या मनाचे समाधान झाले नाही. कधीतरी घडणाऱ्या सेवेपेक्षा नित्य घडेल अशी काही सेवा असावी, असे त्यांना वाटू लागले. पारशी रुस्तमजी या व्यापाऱ्याच्या देणगीतून दरबानमध्ये एक लहानसे धर्मार्थ इस्पितळ सुरू झाले होते आणि डॉ. बूथ त्याचे काम पाहत. तेथे औषधे तयार करून देण्याचे काम गांधीजींनी पत्करले. जाण्यायेण्याचा वेळ धरून रोज सकाळी एक ते दोन तास त्यात जात. कचेरीच्या कामातून त्यांनी हा वेळ मुद्दाम मोकळा करून घेतला. रोग्याची तक्रार ऐकावी, ती डॉक्टरांना सांगावी आणि सांगितलेले औषध तयार करून द्यावे, असे त्या कामाचे साधे स्वरूप होते. याच निमित्ताने गिरमिटिया मजुरांशी त्यांचा निकटचा परिचय झाला आणि 1899 मध्ये बोअर युद्ध सुरू झाल्यावर जखमींच्या शुश्रूषेसाठी हा अनुभव उपयोगी पडला.

या दोन कृतींतील फरक लक्षात घेण्यासारखा आहे. दारी आलेल्या रोग्याची सेवा अंतःकरणाच्या उमाळ्यातून झाली. इस्पितळातील सेवेमागेही करुणाच होती, पण तिला दिवसातील ठरावीक वेळ, जागा आणि आपल्या शक्तीला पेलेल असे काम मिळाले होते. त्यामुळे ती त्या दिवशीच्या मनःस्थितीवर अवलंबून राहिली नाही.

भारतात परतल्यावर 1915 मध्ये अहमदाबादजवळील कोचरब येथे आणि 1917 पासून साबरमतीच्या काठी त्यांनी जो आश्रम चालविला, त्याची रचना याच विचारावर आधारलेली होती. सत्य, अहिंसा, अस्तेय, अपरिग्रह, अभय यांसारखी व्रते आश्रमवासी स्वीकारीत; पुढे त्यांची संख्या अकरा झाली. 1930 मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना दर मंगळवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर एकेका व्रताचे विवरण करणारे पत्र ते आश्रमाला लिहीत. म्हणूनच त्या पत्रांच्या संग्रहाला ‘मंगल प्रभात’ हे नाव मिळाले. पण नुसत्या विवरणाने व्रत अंगी बाणत नाही. शरीरश्रमाचे व्रत सूतकताईतून, स्वयंपाकघरातील कामातून आणि मैलासफाईतून आचरायचे असे. जे काम समाजाने एका वर्गावर लादून त्यालाच अस्पृश्य ठरविले होते, ते येथे प्रत्येकाच्या दिनक्रमात आले. अस्पृश्यता निवारण हे त्यामुळे केवळ मत राहिले नाही.

दैनंदिनी लिहिणे हे या शिस्तीचे आणखी एक अंग होते. 12 मार्च 1930 रोजी गांधीजी निवडक सत्याग्रहींसह साबरमतीहून निघाले आणि 5 एप्रिल रोजी दांडीला पोहोचले. उन्हातान्हातील त्या पायपिटीतही प्रार्थना, सूतकताई आणि दैनंदिनी या तिन्ही गोष्टी प्रत्येकाला बंधनकारक होत्या. दिवसाचा हिशेब लिहून ठेवणाऱ्याला स्वतःची फसवणूक करणे थोडे अवघड जाते. वेळ कोठे गेला हे कागदावर उतरले म्हणजे सबबी आपोआप उघड्या पडतात.

सवयीत आपुलकी कशी मुरते, याची एक आठवण काका कालेलकरांनी सांगितली आहे. 1915 मध्ये मुंबईत काँग्रेसचे अधिवेशन भरले असता गांधीजी काहीतरी शोधीत होते. चौकशी केल्यावर कळले की, एक छोटी पेन्सिल हरवली आहे. कालेलकरांनी आपली पेन्सिल पुढे केली, पण ती त्यांनी घेतली नाही. मद्रासमध्ये नटेसन यांच्या लहान मुलाने त्यांना प्रेमाने दिलेली पेन्सिलच हवी होती. शोधाअंती ती सापडली तेव्हा जेमतेम दोन इंचांची उरली होती. वस्तू जपण्याची ती सवय काटकसरीपुरती नव्हती, तर देणाऱ्याची आठवणही तीत जपली जात होती.

तथापि, शिस्त आणि करुणा या नेहमी हातात हात घालून चालतातच असे नाही. 1929 मध्ये गांधीजींनी ‘नवजीवन’मध्ये लिहिलेल्या एका लेखात कस्तुरबांच्या एका चुकीचा जाहीर उल्लेख केला. भेटीदाखल मिळालेले चार रुपये त्यांनी आश्रमाच्या हिशेबात जमा केले नव्हते. अपरिग्रहाच्या व्रताशी हे विसंगत होते, हे खरे. पण आयुष्यभराच्या सहचारिणीचा एवढा लहान दोष चारचौघांत मांडणे आज वाचणाऱ्याला कठोर वाटल्यावाचून राहत नाही. स्वतःसाठी आखलेल्या नियमाच्या मापाने घरच्या माणसांना मोजण्याचा मोह प्रत्येक नेमनिष्ठ व्यक्तीला होतो. पहाटे उठणारा उशिरा उठणाऱ्याला तुच्छ लेखू लागला, तर त्याच्या पहाटे उठण्याने अहंकारच वाढला, असे म्हणावे लागेल.

दुसरा प्रसंग 1939 मधील, वर्ध्याजवळील सेवाग्राम येथील आहे. संस्कृतचे पंडित आणि येरवड्याच्या तुरुंगातील गांधीजींचे सहबंदी परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने जर्जर होऊन आश्रमात आले. त्या काळी या रोगावर खात्रीचा उपाय नव्हता. चौलमुगरा तेलासारख्या औषधांवरच भिस्त असे. आश्रमात लहानमोठी अनेक माणसे राहत होती, त्यामुळे संसर्गाची धास्ती अस्वाभाविक नव्हती. तरीही शास्त्रींसाठी गांधीजींच्या कुटीजवळच झोपडी उभी राहिली. ती आज ‘परचुरे कुटी’ म्हणून ओळखली जाते. देशातील राजकारणाचा भार खांद्यावर असतानाही गांधीजी रोज त्यांच्याकडे जात आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश करीत. पुढे शास्त्रींचे अखेरचे दिवस जवळच्या दत्तपूर येथील कुष्ठधामात गेले. मनोहर दिवाण यांनी ते 1936 मध्ये सुरू केले होते.

दरबानमध्ये जे काही दिवसांतच थांबले, ते सेवाग्रामला नित्य चालू शकले. मधल्या चाळीस वर्षांत मुख्यतः सेवेची सवय वाढली होती. दुसऱ्याच्या जखमेला हात लावण्याचा संकोच इस्पितळातील रोजच्या कामाने आणि आश्रमातील श्रमाने हळूहळू ओसरला होता.

1980 नंतरच्या दशकात बहुविध औषधोपचार प्रचारात आला आणि कुष्ठरोग पूर्णपणे बरा होऊ लागला. तो सहजासहजी पसरत नाही, हेही आता ठाऊक आहे. पण ज्यांच्याजवळ जाण्यास इतर माणसे कचरतात असे वृद्ध, अंथरुणाला खिळलेले रुग्ण आणि एकाकी शेजारी प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांच्याविषयी कणव वाटणारी माणसेही पुष्कळ आहेत. त्या कणवेला दिवसातील अर्धा तास नेमून देता आला आणि ती वेळ रोज पाळता आली, तर आत्मसुधारणा आणि परोपकार यांसाठी दोन वेगळे संकल्प करावे लागत नाहीत.