अक्कलकोटचा आधार, निम्हान्सचा पुरावा

मनाने खचलेल्या माणसाला घेऊन घरचे अक्कलकोटला स्वामींच्या दारी येतात, तेव्हा त्याला केवळ अंधश्रद्धा म्हणणं घाईचं आहे. देवस्थानी राहून गुण येतो का, हे बंगळुरूच्या निम्हान्सनेच तपासलं. म्हैसूर संस्थानातलं मनोरुग्णालय आणि 1954 ची अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या विलीनीकरणातून 1974 मध्ये ही संस्था उभी राहिली. तिच्या संशोधकांनी तमिळनाडूतल्या एका मंदिरात राहणाऱ्या 31 रुग्णांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध केला. सरासरी सहा आठवड्यांत, औषधांविना, लक्षणांची तीव्रता सुमारे 20 टक्क्यांनी घटली होती. संशोधकांनी श्रेय दिलं ते आपुलकीच्या, निर्धास्त वातावरणाला.

मग डॉक्टर कशाला, असं कुणी विचारेल. पण रुग्ण मोजके होते, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि घट म्हणजे बरं होणं नव्हे. शिवाय 2001 मध्ये तमिळनाडूतल्याच एरवाडीत, दर्ग्याजवळच्या निवासात, साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत दगावले. म्हणजे गुण येत असेल तर तो मायेने, बांधून ठेवण्याने नव्हे. म्हणून दर्शन जरूर घ्या, पण उपचार थांबवू नका. 14416 या टेलिमानस हेल्पलाइन क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. हा क्रमांक जपून ठेवा, गरजूंपर्यंत पोहोचवा.