कार्ड सारखे, व्यवहार निराळा

प्रधानमंत्री जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाली आणि खात्याबरोबर मिळणारे रुपे डेबिट कार्ड खेडोपाडी पोहोचले. त्याच आकाराचे क्रेडिट कार्ड घेण्याविषयीही आता अनेकांना विचारणा होते. दोन्ही कार्डे दुकानातील एकाच यंत्रावर चालतात. परंतु त्यांमागील व्यवहार सर्वस्वी भिन्न आहे.

जमाखर्चाच्या भाषेत 'डेबिट' म्हणजे नावे. डेबिट कार्डाने खरेदी केली की ती रक्कम आपल्याच खात्यातील शिलकेतून लगेच वजा होते. 'क्रेडिट'चा खतावणीतील अर्थ जमा असा असला, तरी येथे तो शब्द 'पत' या अर्थाने योजलेला आहे. क्रेडिट कार्डाने दिली जाणारी रक्कम बँकेची असते. ठरावीक मर्यादेपर्यंत दिलेले ते कर्जच होय. १९९८ साली सुरू झालेल्या किसान क्रेडिट कार्डातील रक्कमही याच न्यायाने शिल्लक नसून पीककर्ज असते.

क्रेडिट कार्डाचे संपूर्ण देयक मुदतीत भरल्यास खरेदीवर व्याज पडत नाही. मात्र देयकावर 'किमान देय रक्कम' असाही एक आकडा असतो. तेवढेच भरले म्हणजे हिशेब मिटला, असा समज घातक ठरतो. समजा, बाकी १०,००० रुपये असून व्याज दरमहा ३ टक्के आहे. महिन्याचे व्याज ३०० रुपये झाले. ५०० रुपये भरले, तर मुद्दल अवघे २०० रुपयांनी घटते. या कार्डावर रोख रक्कम काढल्यास सामान्यतः पहिल्या दिवसापासूनच व्याज लागते व शुल्कही पडते.

कार्डाचा गैरवापर झाल्यास डेबिट कार्डधारकाची स्वतःची शिल्लक तत्काळ जाते, तर क्रेडिट कार्डधारकाच्या नावे देणे चढते. दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसताना तिसऱ्याच कोणी रक्कम लांबविली आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकावर भार पडू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवून दिले. गुप्त क्रमांक स्वतःच दुसऱ्यास सांगितला असेल, तर मात्र तक्रार करीपर्यंतचे नुकसान ग्राहकाने सोसावयाचे असते. म्हणून बँकेस तत्काळ कळवून कार्ड बंद करावे व १९३० या क्रमांकावरही तक्रार नोंदवावी.

शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत एवढे जरी समजावून सांगितले, तरी अनेक कुटुंबे अजाणता होणाऱ्या कर्जापासून वाचतील.