अंक आणि संख्या : एक अर्थविचार

‘अंक’ आणि ‘संख्या’ हे शब्द व्यवहारात आपण सर्रास एकमेकांऐवजी वापरतो. शालेय गणित मात्र त्यांत भेद करते. अंक दहाच, ० ते ९, संख्या अगणित. १०३६ ही संख्या एक, तिच्यातील अंक चार. हा भेद गणितापुरताच आहे असे समजून भाषेचा अभ्यासक तो सोडून देतो. ते योग्य नव्हे. जुन्या ग्रंथांचा काळ ठरविताना तोच भेद निर्णायक होतो.

‘अंक’ म्हणजे मूलतः खूण, चिन्ह. ‘संख्या’ या शब्दातील ‘ख्या’ हा धातू सांगणे या अर्थाचा. अंक लिहिला जातो, संख्या सांगितली जाते. शिलाहार राजा छित्तराज याच्या भांडुप येथील ताम्रपटात शकवर्ष आधी शब्दांत दिले आहे व मग ‘अंकतोऽपि’, म्हणजे अंकांतही, असे म्हणून ९४८ कोरले आहे. दानपत्र लिहिणाऱ्यास हा भेद चांगला ठाऊक होता.

ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ हे वर्ष येते ते बाराशे आणि वर बारा अशा रीतीने. ही सांगितलेली संख्या होय. अंक डोळ्यांपुढे न आणताही श्रोत्याला ती कळते. भास्कराचार्य ‘सिद्धान्तशिरोमणी’त आपले जन्मवर्ष, शके १०३६, देतात ते रस, गुण, पूर्ण, मही या शब्दांनी. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही एक. येथेही शब्दच आहेत. परंतु ते अंकांचे प्रतिनिधी आहेत आणि एकक स्थानापासून डावीकडे मांडावयाचे आहेत. वाचनाच्याच क्रमाने मांडले तर ६३०१ असे अशक्य वर्ष हाती येते. ‘पूर्ण’ गाळला तर १३६ उरतात. ‘एक हजार छत्तीस’ असे बोलताना शतकाचा उच्चारही करावा लागत नाही. अंकांत मात्र त्याची जागा राखावीच लागते. या पद्धतीला ‘भूतसंख्या’ म्हणण्याचा प्रघात आहे. ‘भूतांक’ हे नाव अधिक नेमके ठरले असते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आधुनिक परिभाषेनेही हा घोटाळा वाढविलाच आहे. ‘पूर्णांक’ व ‘अपूर्णांक’ या नावांत अंक आहे, पण त्यांनी दर्शविल्या जातात त्या संख्या. त्यातच ‘पूर्ण संख्या’ शून्यापासून पुढे मोजावयाच्या, तर ‘पूर्णांक’ म्हणताना ऋण संख्याही घ्यावयाच्या. उणे बारा ही पूर्ण संख्या नव्हे; तो पूर्णांक आहे, आणि त्यात अंक दोन आहेत.