रॅपची समीक्षा की नुसती प्रसिद्धी?

राजगडाच्या पायथ्याच्या पाली गावाचे नाव गडाच्या पाली दरवाजामुळे इतिहासात कायम राहिले आहे. राजगड ही स्वराज्याची राजधानी असतानाच्या काळात अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधावर, तर तुळशीदासाने सिंहगडच्या लढाईवर पोवाडे रचले. लोकांनी ते पिढ्यान् पिढ्या ऐकले, परंतु अ‍ॅक्वर्थ व शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह छापून निघण्यास १८९१ साल उजाडावे लागले आणि य. न. केळकरांच्या ‘ऐतिहासिक पोवाडे’चा पहिला भाग १९२८ साली आला. समाज जे गात होता त्याची दखल घेण्यास लिहित्या वर्गाला दोन शतकांहून अधिक काळ लागला. आज पालीसारख्या गावातून पुण्याला शिकायला येणारा विद्यार्थी मोबाइलवर मराठी रॅप ऐकतो. त्या गाण्याच्या वाट्यालाही हीच उपेक्षा यावी काय?

रॅप हे हिपहॉप या कलाप्रकाराचे शाब्दिक अंग. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब वस्तीत हिपहॉपचा उगम झाला. पुढे त्याचे स्वतंत्र पत्रकारितेचे विश्वही उभे राहिले. १९८८ साली हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी ‘द सोर्स’ हे छोटेखानी वार्तापत्र सुरू केले आणि काही वर्षांतच ते या क्षेत्रातील सर्वाधिक मानाचे मासिक बनले. नव्या ध्वनिमुद्रिकांना ते पाचपैकी किती ‘माइक’ देते याकडे कलावंत आणि ग्राहक दोघांचेही लक्ष असे. १९९४ साली नॅस या तरुण गायकाच्या पहिल्याच संग्रहाला पाच माइक मिळाले. तो निवाडा आजही योग्य मानला जातो. परंतु त्याच वर्षी मालकाने आपल्या निकटच्या एका गायकसमूहाविषयीचा लेख संपादकांना अंधारात ठेवून अंकात घुसवला. परिणामी प्रमुख संपादकांनी राजीनामे दिले आणि मासिकाच्या विश्वासार्हतेला तडा गेला.

या घटनेमागील अर्थकारण समजून घेतले पाहिजे. अशा मासिकाचे दोन ग्राहक असतात. पहिला वाचक, त्याला खरे मत हवे असते. दुसरा जाहिरातदार, आणि तो बहुधा ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनीच असतो. त्याला अनुकूल मत हवे असते. वाचकाकडून येणारा पैसा थोडा आणि जाहिरातीचा मोठा असला, की समीक्षेची हळूहळू प्रसिद्धीपत्रिका होते. हा दोष हिपहॉपचा नव्हे. चित्रपट, नाटक, इतकेच काय पण पुस्तक-परीक्षणेही त्यापासून मुक्त नाहीत.

मराठीत तर परीक्षण भ्रष्ट होण्याइतकेही अस्तित्वात नाही. २०१९ साली ‘गली बॉय’ चित्रपट आला तेव्हा वृत्तपत्रांना झोपडपट्टीतील रॅपचे कौतुक वाटले; ते कौतुक चित्रपटाबरोबरच ओसरले. २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्यातील सत्तांतरावर टीका करणाऱ्या रॅपबद्दल राज मुंगासे या तरुणावर अंबरनाथ येथे गुन्हा नोंदविला गेला आणि रॅप पुन्हा बातमीत आला. चर्चा झाली ती तक्रारीची आणि पुढाऱ्यांच्या प्रतिक्रियांची. त्या रचनेतील यमके, लय, बोलीचा वापर, शाहिरी परंपरेशी असलेले तिचे नाते यांविषयी कोणी गंभीरपणे लिहिल्याचे फारसे आढळले नाही. पोलीस दारी आल्यावाचून गाणे ऐकूच येऊ नये, ही पत्रकारितेला भूषणावह गोष्ट नव्हे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की या गाण्यांत पुष्कळ शिवराळपणा, पोकळ बढाई आणि स्त्रियांविषयीचा तुच्छभाव असतो. त्यांची समीक्षा ती काय करावयाची? हा आक्षेप निराधार नाही. परंतु त्यातूनच समीक्षेची गरज सिद्ध होते. निवड करणारा कोणी नसेल, तर निवड केवळ श्रोतृसंख्येवर होते, आणि श्रोतृसंख्येने मागणी कळते; गुणवत्ता कळत नाही. मराठीला या कामाची परंपरा नाही असेही नव्हे. केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ या नावाने आपल्या काळातील प्रसिद्ध गायकांविषयी परखडपणे लिहिले. गायकाचा लौकिक बाजूला ठेवून गाणे ऐकण्याची ती शिस्त आजही अनुकरणीय आहे.

त्यासाठी नव्या मासिकाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक महाविद्यालय वार्षिक अंक काढते. त्यात जाहिरातदाराचा वरचष्मा नसतो आणि लिहिणारे विद्यार्थी हेच या गाण्यांचे श्रोतेही असतात. चांगले का, वाईट का, हे कारणांसह दोन पानांत मांडण्यास त्यांना शिक्षकांनी उद्युक्त करावे. वृत्तपत्रांनीही एक पथ्य पाळावे: पैसे घेऊन छापलेला मजकूर ‘जाहिरात’ म्हणूनच छापावा. आणि वाचकाने, खरे मत हवे असेल, तर त्याची किंमत मोजण्याची तयारी ठेवावी. ती त्याने दिली नाही, तर दुसरा कोणी तरी देईल आणि मत त्याचे असेल.