बावखलाचें चलच्चित्र

चलच्चित्र घेण्याचें यंत्र आतां घरोघर, किंबहुना सदऱ्याच्या खिशांत, आलें आहे. मुंज, मंगळागौर, नातवाचें पहिलें पाऊल, सारें टिपलें जातें. मात्र तें पुनः पाहण्याचा धीर खुद्द टिपणाऱ्यासहि होत नाहीं! दोष यंत्राचा नव्हे. काय दाखवावयाचें, हेंच आधीं ठरलेलें नसतें.

दादासाहेब फाळके १९१२ सालीं विलायतेस जाऊन आले व तेथील विल्यमसन कॅमेरा त्यांनीं मिळविला. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालचा. परंतु त्यापूर्वीं, भांडवल घालणाराची खात्री पटावी म्हणून, त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ त्याचीं चित्रें घेतलीं. ‘अंकुराची वाढ’ हा पट मिनिटाहून थोडासाच मोठा. त्या काळीं सेकंदास सुमारें १६ चित्रें लागत. म्हणजे मिनिटाचीं साडेनऊशेंच्या वर, दिवसाकाठीं सरासरीनें तीसच! ना नट, ना पोषाख. पण कॅमेरा जागचा हलला नाहीं, आणि शेवटीं काय दिसणार हें पेरणीच्या दिवशींच ठाऊक होतें. नवशिक्यास याहून चांगला धडा आम्हांस ठाऊक नाहीं. पुढें फाळक्यांच्या घरीं फितीस भोंकें पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचीं कामें सरस्वतीबाईंनीं अंगावर घेतलीं, हेंहि आमच्या वाचक भगिनींनीं ध्यानांत ठेवावें.

आतां विषय कोणता घ्यावा? वसई तालुक्यांत, विरारच्या पश्चिमेस आगाशीजवळ, नंदाखाल हें वाड्यांचें गांव आहे. या पट्ट्यांत गोड्या पाण्याचीं लहान तळीं असतात. त्यांस बावखल म्हणतात. पावसाचें पाणी त्यांत सांठे, भोंवतालच्या विहिरींस आधार मिळे, आणि उन्हाळ्यांत तेंच पाणी पूर्वीं रहाटानें उपसून वाडीस देत. वस्ती वाढली तशीं कित्येक बावखलें बुजलीं. एखादें शिल्लक असेल तर त्याचें चलच्चित्र पांच मिनिटांचें करावें, अधिक नको.

प्रथम कागद घ्यावा. “पाणी कोठून येतें, कोणास मिळतें, बुजलें तर काय होईल” असें एकच वाक्य माथ्यावर लिहावें. खालीं दृश्यें मांडावीं: दुरून सबंध तळें, मग काठ व झाडें, मग जवळून पाटांत पडणारी धार, ओली माती, केळीच्या बुंध्याशीं काम करणारे हात. यंत्र आडवें धरावें, दोन्ही कोपरें अंगाशीं टेकवावीं, आणि प्रत्येक दृश्य निदान दहा सेकंद स्थिर घ्यावें. कॅमेरा इकडून तिकडे फिरविण्याचा मोह फार वाईट. पाहणाराचें डोकें गरगरतें. सूर्य पाठीशीं असलेला बरा, सकाळचा त्याहून बरा.

ध्वनीकडे बहुतेकांचें दुर्लक्ष होतें. चित्र किंचित् अंधुक चालेल, बोलणें अस्पष्ट चालत नाहीं. त्या किनाऱ्यावर वारा पुष्कळ, म्हणून भिंतीच्या आडोशास दोन हातांच्या अंतरावर बसून विचारावें. वृद्ध माणसास “बोला” म्हणूं नये. “तुमच्या लहानपणीं चैत्रांत पाणी कोठवर असे?” असें विचारावें आणि गप्प राहावें. उत्तर त्यांच्या कादोडींतच येऊं द्यावें. ही बोली तेथील सामवेदी ब्राह्मण व कुपारी ख्रिस्ती या दोन्ही समाजांच्या घरीं नांदते. पाणी, माती, अवजारें यांचे तिच्यांतील शब्द प्रमाण मराठींत आणूं गेल्यास निम्मे गळतील. अर्थ हवा तर खालीं अक्षरांत द्यावा.

मग कातरकाम. येथें मन घट्ट करावें लागतें. तासभर घेतलेल्यांतून पांच मिनिटें ठेवावयाचीं, म्हणजे काकांचें लांबलेलें स्वागत जाणार आणि काका रुसणार. प्रथम बोलण्याचा भाग क्रमानें लावावा, त्यावर दृश्यें बसवावीं. आजोबा पाटाविषयीं बोलत असतां पाट दिसला पाहिजे. मागें सिनेमाचें गाणें नको, पाण्याचाच आवाज पुरे.

वगळलेले तुकडे मात्र टाकूं नयेत. मूळ ध्वनिचित्रें दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावीं व प्रत्येकावर तारीख, जागा आणि बोलणाराचें नांव, त्याच्या संमतीनें, घालावें. हें काम पावसाळ्यापूर्वीं एकदां आणि भाद्रपदांत एकदां, त्याच जागीं उभें राहून करावें; म्हणजे पाणी किती चढलें हें सांगण्यास निवेदकाची गरज पडणार नाहीं.