पगारातून कापलेला पैसा कोणाचा?

शेतीचे उत्पन्न वगळले तर आपल्या देशात उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्ये नोकरदाराच्या वेतनातून आपला निराळा प्राप्तिकर मालकामार्फत कापून घेतात. महाराष्ट्राला तसे करता येत नाही. तरीही आपल्या नवलाख उंबऱ्याच्या परिसरातील कारखान्यांत कामाला जाणाऱ्या कोणीही आपली पगारचिठ्ठी उघडून पाहावी. बहुधा तीत दोनशे रुपयांची एक वजावट राज्य सरकारच्या नावे पडलेली दिसेल. हाच व्यवसाय कर होय.

हा कर बसविण्याची मुभा घटनेच्या २७६ व्या कलमाने राज्यांना दिली, पण तिला मर्यादाही घातली. माणशी वर्षाला २५० रुपये ही मूळची मर्यादा १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० रुपये झाली. महाराष्ट्राचा कायदा १९७५ चा. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी पुरस्कारलेल्या रोजगार हमी योजनेला पैसा हवा होता, आणि तो उभा करण्यासाठी हा कर आला. शहरातल्या नोकरदाराने खडी फोडणाऱ्या मजुराच्या रोजीला हातभार लावावा, असा त्यामागचा विचार होता.

आता आकारणी पाहू. १ एप्रिल २०२३ पासूनच्या दरांनुसार पुरुषाचा मासिक पगार ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर कर नाही. त्यापुढे १०,००० पर्यंत १७५ रुपये. आणि त्याहून अधिक असेल तर २०० रुपये, फक्त फेब्रुवारीत ३००. फेब्रुवारीतच शंभर जास्त का? अकरा महिन्यांचे दोनशेप्रमाणे २,२०० होतात. वर उरलेले ३०० मिळविले की घटनेची मर्यादा बरोबर गाठली जाते. स्त्रियांना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर कर माफ आहे.

हा कर कापायचा कोणी? जो पगार वाटतो त्याने. म्हणून कारखाना एकाचा आणि कामगार ठेकेदाराचे असले, तर पगार देणारा ठेकेदार कायद्याच्या दृष्टीने मालक ठरतो. त्याने व्यवसाय कराखाली मालक म्हणून नोंदणी करावी, प्रत्येकाचा कर कापावा, तो चलनाने सरकारात भरावा आणि विवरणपत्र दाखल करावे. भरणा व विवरणपत्र ही दोन्ही कामे आता संगणकावरून होतात. याशिवाय ठेकेदाराला स्वतःच्या धंद्याचा व्यवसाय कर असतो, तो वेगळा. त्यासाठी दुसरे प्रमाणपत्र लागते. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

विवरणपत्र केव्हा द्यायचे, हे मागील वर्षाच्या करावर ठरते. तो एक लाख रुपये किंवा अधिक असेल तर दरमहा. कमी असेल तर वर्षातून एकदा, ३१ मार्चपर्यंत. समजा, एका कारखान्यात तीस पुरुषांचा पगार दहा हजारांवर आहे. दहा स्त्रिया आहेत, पैकी दोघींचाच पंचवीस हजारांवर. म्हणजे कर देणारे बत्तीस आणि वर्षाचा कर ८०,००० रुपये. या मालकाला वार्षिक विवरणपत्र पुरे. हेच कर देणारे चाळीस झाले की लाख भरतो आणि पुढे दरमहाचा हिशेब येतो.

यातील खरी मेख लक्षात घ्या. वर्षातून एकदा भरणाऱ्या मालकाकडे मार्चमध्ये कापलेला पैसा पुढल्या मार्चपर्यंत पडून राहू शकतो. अडचणीच्या दिवसांत तो कच्च्या मालात किंवा उधारी भागविण्यात खर्चून टाकण्याचा मोह होतो. पण तो पैसा त्याचा नव्हेच! कामगाराच्या खिशातून तो निघालेला आहे, मालक केवळ वाटेवरचा हमाल आहे. कायदाही येथे कठोर आहे: मालकाने कर कापला असो वा नसो, भरण्याची जबाबदारी त्याचीच. उशीर झाला तर व्याज चढते, विवरणपत्र चुकले तर विलंबशुल्क पडते, आणि दंडही होऊ शकतो.

कामगारानेही जागरूक असावे. पगारचिठ्ठी मागून घ्यावी, कपातीचा आकडा दराशी ताडून पाहावा, मालकाचा नोंदणी क्रमांक विचारावा. एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरी असेल तर तसे लेखी कळवावे, म्हणजे कर दोनदा कापला जाणार नाही. पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना हा कर माफ आहे, हेही ध्यानात असावे.

दोनशे रुपये ही रक्कम लहान खरी. परंतु ज्याच्या हाती दुसऱ्याचा पैसा विश्वासाने दिला जातो, त्याची सचोटी रकमेच्या आकारावर अवलंबून नसते.