अल्लाउद्दीनचा दिवा कॉल सेंटरमध्ये

घणसोली गावाच्या उत्तरेला ऐरोलीचे माइंडस्पेस, पूर्वेला महापेचे मिलेनियम बिझनेस पार्क. भातशेती आणि खाडीवर जगणाऱ्या या आगरी-कोळी गावाच्या जमिनी नवी मुंबईसाठी संपादित झाल्या आणि काही दशकांतच परिसरात संगणकांची रात्रपाळी सुरू झाली. सातासमुद्रापलीकडच्या ग्राहकाशी, आपण कोठून बोलतो हे त्याला जाणवू न देता बोलणे, हा त्या रात्रपाळीतला एक व्यवसाय. याच व्यवसायावर २००३ मध्ये 'अलादीन' हा प्रयोग रंगभूमीवर आला. न्यूयॉर्कची 'द बिल्डर्स असोसिएशन' आणि लंडनची 'मोतीरोती' या दोन संस्थांची ही संयुक्त निर्मिती. दिग्दर्शिका होत्या मारियान वीम्स. 'मोतीरोती'चे कीथ खान आणि अली झैदी हे त्यांचे सहकारी.

दिवा घासला की राक्षस हजर होतो आणि धन्याची इच्छा पुरी करतो, ही मूळ कथा सर्वांना ठाऊक आहे. नाटककारांनी तो राक्षस बंगळुरूच्या कॉल सेंटरमध्ये शोधला. दूरध्वनी वाजताच हजर होणारा, हुकूम ऐकणारा आणि स्वतःचे नाव नसलेला! गंमत अशी की, त्या राक्षसालाही स्वतःच्या इच्छा आहेत.

प्रयोगासाठी बंगळुरूतील खऱ्या कर्मचाऱ्यांच्या मुलाखती चित्रित करण्यात आल्या. रंगमंचावर नट प्रत्यक्ष अभिनय करीत आणि वरच्या भव्य पडद्यावर त्या चित्रफिती, संगणकनिर्मित दृश्ये व नटांचे थेट टिपलेले चेहरे एकाच वेळी दिसत. अमेरिकी उच्चारांच्या प्रशिक्षणासाठी 'फ्रेंड्स' ही मालिका वापरली जाई. तो धागा पकडून ऑपरेटरचा चेहरा पडद्यावर हळूहळू त्या मालिकेतील पात्राच्या चेहऱ्यात मिसळत असे. न्यूयॉर्क, बंगळुरू आणि लंडन अशी कथानकाची तीन स्थळे. नाटकासोबत संकेतस्थळ आणि संगीतचित्रफीतही होती.

तंत्राचा एवढा भडिमार हवा होता का? इथे तरी होता. जे कर्मचाऱ्याच्या आवाजाचे होत होते, तेच प्रेक्षकांसमोर चेहऱ्याचे होत होते; ते नुसत्या संवादांतून सांगता आले नसते.

कथेची निवडही नेमकी आहे. अल्लाउद्दीनची गोष्ट मूळ अरबी हस्तलिखितात नव्हती. अलेप्पोच्या हन्ना दियाबने ती १७०९ मध्ये पॅरिसमध्ये आंत्वान गालांला सांगितली आणि गालांने ती आपल्या फ्रेंच भाषांतरात घातली. कथा घडते मात्र चीनमध्ये! म्हणजे पत्ता बदलून वावरण्याची सवय या कथेला पहिल्यापासूनच आहे.

जुन्या कथेला नवे रूप देणे मराठी माणसाला नवे नाही. ज्यांच्या नावाचे नाट्यगृह वाशीत आहे, त्या विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' सादर केले, तेही पुराणकथेवरच.

आगरी बोलीत 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न' होतो. घणसोलीचीही 'घनसोली' होते. गावातल्या मुलाला शाळेत प्रमाण मराठीसाठी आणि कॉल सेंटरमध्ये अमेरिकी इंग्रजीसाठी जीभ वळवावी लागते. पण आता तीही गरज संपू लागली आहे. टेलिपरफॉर्मन्स या फ्रेंच कंपनीने भारतातील कर्मचाऱ्यांचे उच्चार, संभाषण सुरू असतानाच बदलणारी 'सानास'ची संगणकप्रणाली वापरात आणल्याचे २०२५ मध्ये समोर आले. 'अलादीन'मधले उच्चारांच्या शिकवणीचे प्रसंग त्यामुळे जुने झाले. पडद्यावर विरघळणारा चेहरा मात्र जुना झालेला नाही.